मूळ कागद हातात आल्याशिवाय त्सुबा घेऊ नका

टोकियोत, विशेषतः निशी-कासाईत राहणारी आपली जी मंडळी हल्ली जपानी तलवारींच्या नादी लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे 85,000 येन गेले, एका त्सुबापायी, म्हणजे तलवारीच्या मुठीशी बसवतात त्या लोखंडी चकतीपायी!

मी काही डोळे मिटून घेतली नव्हती. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्सुबांच्या काचेला नाक लावून कितीदा उभा राहिलोय. 1876 मध्ये तलवार कमरेला लावून फिरण्यावर बंदी आली, मग सुट्या त्सुबा परदेशी शौकिनांकडे जाऊ लागल्या, पाठोपाठ नकलाही आल्या, हे सगळं ठाऊक होतं.

देवळाच्या आवारातल्या बाजारात विक्रेत्याने होझोन तोसोगु प्रमाणपत्राची, म्हणजे तलवारीचा सुटा भाग अस्सल आणि जपण्याजोगा असल्याच्या दाखल्याची, रंगीत झेरॉक्स पुढे केली. "मूळ कागद घरी आहे, उद्या पोस्टाने पाठवतो." तिथूनच उठायला हवं होतं. झेरॉक्सवरच्या फोटोत पात्याच्या खाचेशेजारच्या दोन भोकांपैकी एक बुजवलेलं साफ दिसत होतं. माझ्या हातातल्या चकतीत दोन्ही उघडी! पण नक्षी तीच, कारागिराची सही तीच, मागे दोघे जण तीच वस्तू घ्यायला टपलेले. अशा वेळी भोकं कोण मोजतं? ते दोघेही त्याचेच असणार, आता खात्री आहे.

घरी भिंग लावलं. चकतीतल्या जाळीच्या नक्षीच्या आतल्या कडेने बारीक शिवण, साच्याचा सांधा, म्हणजे ओतीव नक्कल. सहीच्या रेघा वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारख्या बोथट. चुंबक चिकटला म्हणून हुरळू नका, ओतीव लोखंडालाही चिकटतोच. गंज तर हवा तेवढा चढवून मिळतो.

पोलीस चौकीत म्हणाले, हा दिवाणी वाद. ग्राहक केंद्र म्हणतं, तुम्ही स्वतः जाऊन घेतलंत, कूलिंग-ऑफ, म्हणजे ठरावीक दिवसांत खरेदी रद्द करण्याची सवलत, लागू नाही. बाजार भरवणारे म्हणतात, आम्ही फक्त जागा देतो. पुन्हा चौकीत गेलो तर विक्रेत्याचा परवाना क्रमांक मलाच विचारला. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवान्याची पाटी लावावीच लागते. पैसे देण्याआधी तिचा फोटो काढा, नसेल तर चालू पडा. पण क्रमांक शोधायचं काम माझं की पोलिसांचं? बरं, नमून नमून बोलतात इतके गोड, की भांडताही येत नाही.

परवा ऑनलाइन लिलावात तीच झेरॉक्स दिसली, शेजारी तशीच दुसरी चकती. स्क्रीनशॉट घेऊन पुन्हा चौकी गाठली. उत्तर मिळालं, "जो विकत घेईल, त्याला तक्रार करू दे."