पहिला सामना कोणत्या खेळाचा? चार मिनिएचर खेळ शेजारी शेजारी

मिनिएचरचे खेळ, म्हणजे टेबलावर छोटे पुतळे हलवून फाशांनी लढायचे खेळ, नियमपुस्तक वाचून येत नाहीत. ते येतात पहिल्या सामन्यात, दर पाच मिनिटांनी "थांब, बघून सांगतो" म्हणत. त्यामुळे नवा खेळ निवडताना बॉक्सवरचं चित्र आणि कथाविश्व आवडलं एवढ्यावर भागत नाही. त्या खेळाचा पहिला सामना कसा जाणार आहे, हेही बघावं लागतं. मुरलेल्या खेळाडूंना अतिशय आवडणारे, पण नवख्याला पहिल्याच दिवशी छळणारे खेळ पुष्कळ आहेत.

इथे चार खेळ तुलनेला घेतले आहेत: वॉरहॅमर ४०,००० (त्यातला छोटा प्रकार, कॉम्बॅट पेट्रोल), किल टीम, बोल्ट ॲक्शन आणि बॅटलटेक. कसोटी एकच लावली आहे. नवख्याने घेतलेल्या निर्णयाचं फळ त्याला किती लवकर दिसतं, आणि तोवर त्याला किती वेळ गप्प बसावं लागतं? पानांची संख्या मी मुद्दाम मोजलेली नाही. जाड पुस्तकाचा खेळ सोपा जाऊ शकतो आणि चोपडीएवढ्या नियमांचा खेळ रटाळ होऊ शकतो.

पाळी कशी फिरते

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, आणि खेळ निवडताना याचाच विचार सगळ्यात कमी होतो.

वॉरहॅमर ४०,००० मध्ये पाळी अख्ख्या आर्मीची असते. २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत तिचे पाच टप्पे आहेत: कमांड, मूव्हमेंट, शूटिंग, चार्ज आणि फाइट. तुमची सगळी युनिट्स (तुकड्या) आधी हलतात, मग सगळी गोळीबार करतात, मग चार्ज, मग हातघाई. हे सगळं संपलं की मगच समोरच्याची पाळी. २,००० पॉइंट्सच्या, म्हणजे मोठ्या, सामन्यात शिकवणाऱ्याची पाळी आधी आली, तर नवखा खुर्चीत बसून आपली माणसं टेबलावरून उचलत राहतो. त्याच्या हाती उरतात फक्त बचावाचे फासे, आणि बचावाच्या फाशात निर्णय जवळपास नसतोच. कॉम्बॅट पेट्रोलमध्ये एका बॉक्समधलीच ठरलेली युनिट्स घ्यायची असल्याने पाळी आटोपशीर राहते, शिवाय लिस्ट बनवण्याची, म्हणजे कोणती युनिट्स घ्यायची हे जुळवण्याची, कटकट पूर्ण जाते. हाच खेळ शिकायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी. "जरा मोठाच सामना लावू, मजा येईल" म्हणणाऱ्या मित्राला नम्रपणे नाही म्हणा.

किल टीम त्याच कथाविश्वात घडतो, पण अख्ख्या आर्मीऐवजी एका लहान पथकात. तुम्ही एक शिपाई हलवायचा, मग समोरच्याने एक, मग पुन्हा तुम्ही. बहुतेक शिपायांना दोन कृती मिळतात: हलणं आणि गोळी झाडणं, किंवा असंच काही. दोन मिनिटं थांबलं की पाळी परत येते. चूक झाली तर ती एका शिपायापुरती राहते आणि पुढच्याच शिपायाने थोडी सावरताही येते. सामना चार फेऱ्यांचा असतो, त्यांना टर्निंग पॉइंट म्हणतात.

बोल्ट ॲक्शन हा दुसऱ्या महायुद्धावरचा खेळ, पहिली आवृत्ती २०१२ ची. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक युनिटमागे एक फासा पिशवीत टाकायचा, रंग वेगवेगळे. पिशवीतून ज्या रंगाचा फासा निघेल त्याने आपल्या कुठल्याही एका युनिटला हुकूम द्यायचा: फायर, ॲडव्हान्स, रन, ॲम्बुश, रॅली किंवा डाउन. हुकूम सहाच आहेत आणि फाशाच्या बाजूही सहाच, त्यामुळे दिलेला हुकूम फाशावरच वर करून युनिटशेजारी ठेवतात. कोण हललं आणि कोण राहिलं हे विचारावं लागत नाही, टेबलाकडे बघितलं की कळतं. नवख्याला हे फार उपयोगी पडतं. शिवाय पिशवीला अनुभव कळत नाही. शिकवणाऱ्याने मनात आखलेला डाव लागोपाठ तीन फासे नवख्याच्या रंगाचे निघाल्यावर कोसळतो, आणि पहिल्याच सामन्यात नवख्याला बरोबरीने लढल्यासारखं वाटतं.

बॅटलटेकचं तिसरंच काहीतरी आहे. १९८४ पासून चालत आलेल्या या खेळात पुढाकाराचा फासा हरणाऱ्याने आधी हलायचं असतं. म्हणजे जिंकणाऱ्याला समोरच्याची चाल बघून आपली चाल करता येते. गोळीबाराचं नुकसान मात्र टप्पा संपल्यावर एकदम लागू होतं. तुमचा मेक (वैमानिक चालवतो तो अजस्र लढाऊ यंत्रमानव) या फेरीत उद्ध्वस्त होणार असला तरी त्याची शस्त्रं या फेरीत चालतात. एकही गोळी न झाडता मेक गमावण्याची वेळ येत नाही. पहिल्याच फेरीत गारद होऊन खट्टू झालेला खेळाडू ज्याने पाहिला असेल, त्याला या नियमाची किंमत कळेल.

फासे

वॉरहॅमर ४०,००० आणि बोल्ट ॲक्शन यांची तुलना एका उदाहरणाने स्पष्ट होते. वॉरहॅमरमध्ये दहा गोळ्या झाडल्या. नेम ३ किंवा जास्तवर लागतो, जखम ४ किंवा जास्तवर होते आणि समोरच्याचं चिलखत ४ किंवा जास्तवर वाचवतं. सरासरी काढली तर साधारण १.७ माणसं पडतात. बोल्ट ॲक्शनमध्ये नेमही मुळात ३ ला लागतो, पण पुढे सरकत आणि लांबून मारलं तर ५ लागतात, आणि सर्वसाधारण अनुभवाच्या शिपायाला मारायला ४. दहा गोळ्यांमागे सरासरी पुन्हा तीच, १.७.

निकाल सारखा, पण हाताळणी वेगळी. पहिल्यात फासे तीनदा टाकावे लागतात. मधल्या टप्प्यात शस्त्राची ताकद आणि समोरच्याचा टणकपणा यांची तुलना करायची असते, आणि शेवटचा टप्पा प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. दुसऱ्यात दोनदाच टाकून काम होतं. बोल्ट ॲक्शनमध्ये आणखी एक होतं: एकही माणूस पडला नाही तरी नुसता नेम लागला की त्या युनिटला एक पिन (दबावाची खूण) लागतो. पिन असलेल्या युनिटला हुकूम पाळण्यासाठी दोन फाशांची बेरीज आपल्या मनोधैर्याएवढी किंवा त्याखाली आणावी लागते, आणि प्रत्येक पिनमागे ते मनोधैर्य एकाने घटतं. साधारण युनिटचं मनोधैर्य ९. एका पिनवर हुकूम पाळण्याची शक्यता ७२ टक्के, तीन पिनांवर ४२. मशीनगनचा मारा चालू असताना माणसं डोकं वर काढत नाहीत, हे इथे समजावून सांगावं लागत नाही. नवख्याला ते एका फेरीत आपोआप कळतं, आणि वाया गेलेली फैरही थोडी कामी येते.

किल टीममध्ये मूठभर फासे असतात. हल्ल्याचे यश मोजायचे आणि बचावाच्या यशांनी ते खोडायचे. सहाचा फासा क्रिटिकल असतो, तो खोडायला दोन साधी यशं किंवा एक क्रिटिकल लागतं. या खेळातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे हातघाई. दोघंही एकदम फासे टाकतात आणि मग आळीपाळीने एकेक फासा वापरतात, एकतर वार करायला किंवा समोरच्याचा फासा अडवायला. फासे पडल्यानंतरही निर्णय शिल्लक राहतो. नशिबाला दोष देण्याची सवय नवख्याला इथे फारशी लागत नाही.

बॅटलटेक इथे मागे पडतो. दर गोळीमागे बेरीज करावी लागते: वैमानिकाचा नेम, आपण किती हललो, लक्ष्य किती हललं, मध्ये झाडी वगैरे काय आहे, अंतर किती. सर्वसाधारण वैमानिकाचा नेम ४. तुम्ही धावलात तर २ वाढतात, समोरचा पाच-सहा षटकोन (नकाशावरची सहा बाजूंची घरं) हलला असेल तर आणखी २, अंतर मध्यम असेल तर आणखी २. झाले १०. दोन फाशांवर १० किंवा जास्त येण्याची शक्यता ३६ पैकी ६. नवखा साहजिकच मेकला दर फेरीत पळवतो आणि दर फेरीत नेम चुकवतो. "चाल, धावू नकोस" हे एक वाक्य त्याला आधी सांगितलं, तर सामना खूप सुधारतो. नेम लागला की तो कुठे लागला यासाठी पुन्हा दोन फासे, मग चिलखताचे गोल कागदावर खोडायचे. काम कंटाळवाणं आहे, हे मान्य. पण हात उडालेला मेक उरलेल्या हाताने लढताना बघायला जी मजा येते, ती याच खोडाखोडीतून येते. आणि बारा पडले की घाव डोक्यावर बसतो, तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे उभे राहतात.

टेपवरून भांडणं

पहिल्या सामन्याचा वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. "हा दिसतो की नाही?" "सहा इंच झाले की साडेसहा?" चारपैकी तीन खेळ टेपने मोजतात आणि नजरेची रेषा वाकून बघावी लागते. त्यातही किल टीममध्ये आडोसा, लपण्याचा हुकूम (आडोशामागच्या शिपायाला लक्ष्य होण्यापासून वाचवणारा) आणि उंचावरून मारणं हे एकत्र आलं की वाक्यं बारकाईने वाचावी लागतात. २०२१ च्या आवृत्तीत तर अंतरांना त्रिकोण, वर्तुळ, चौकोन अशी चिन्हं दिली होती. इंच माहीत असलेल्या माणसाला इंचच पुन्हा शिकायला लावण्याचा तो प्रकार २०२४ मध्ये काढून टाकला, बरं झालं. बॅटलटेकचा मूळ नकाशा षटकोनांचा असतो, त्यामुळे मोजायचं म्हणजे नुसते षटकोन मोजायचे. दोघंही नवे असले आणि वाद सोडवणारं कोणी नसलं, तर हा फायदा मोठा ठरतो.

टेबलावर येण्याआधी

कॉम्बॅट पेट्रोल आणि किल टीमचे पुतळे चौकटीतून कापून, चिकटवून तयार करावे लागतात. ज्यांना ते आवडतं त्यांच्यासाठी तोच छंदाचा अर्धा भाग आहे. नुसता खेळ आजमावायचा असेल तर मात्र अडथळा. बॅटलटेकच्या सुरुवातीच्या बॉक्समधले मेक जोडलेलेच येतात, आणि तेही नसतील तर तोंड कुठल्या बाजूला आहे हे कळेल अशी कागदी सोंगटी पुरते. बोल्ट ॲक्शनमध्ये कंपनीची सक्ती नाही, त्या सैन्याचे २८ मिलिमीटर मापाचे कुठलेही शिपाई चालतात. रंगकामाची चिंता पहिल्या सामन्याआधी करू नका.

मग निवडायचं काय

शिकवणारा अनुभवी असेल तर किल टीम. पाळी लवकर फिरते, आणि शिकवणारा एकेक शिपाई हलवताना एकेक नियम सांगू शकतो. पथकांचे खास डावपेच आणि साहित्य पहिल्या सामन्यात वगळा, दोन्ही बाजूंना साधी पथकं घ्या. लपण्याचा हुकूम मात्र वगळू नका, सगळा खेळ त्यावर उभा आहे.

दोघंही नवे असाल आणि इतिहासाची आवड असेल तर बोल्ट ॲक्शन. नुसतं पायदळ घ्या, दोन्हीकडे चार-पाच युनिट्स पुरेत. रणगाडा दुसऱ्या सामन्यात आणा. रणगाडा आला की चिलखत भेदण्याचे नियम येतात, आणि पहिल्या दिवशी ते सगळ्यांचं लक्ष खेचून घेतात.

दोघंही नवे, पण शांतपणे बेरजा करायला हरकत नसलेले असाल तर बॅटलटेक, प्रत्येकी दोनच मेक. उष्णतेचा नियम (शस्त्रं झाडली की मेक तापतो) कठीण वाटतो म्हणून काही जण तो गाळून शिकवतात. मला ते पटत नाही. उष्णता काढली की दर फेरीत सगळी शस्त्रं झाडायची एवढंच उरतं आणि विचार करायला काही राहत नाही.

वॉरहॅमर ४०,००० मी पहिल्या सामन्यासाठी शेवटी ठेवीन. अपवाद एकच: आसपास सगळे तोच खेळत असतील तर. प्रतिस्पर्धी सहज मिळणं हे खेळ म्हणून असलेल्या सगळ्या गुणांपेक्षा मोठं आहे, आणि ते या खेळाइतकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या खेळाला जमलं असेल. तसं असेल तर पहिली पाळी नवख्याला द्या. स्ट्रॅटजेम्सपैकी (सामन्यात वापरायच्या खास डावांपैकी) फासा पुन्हा टाकण्याचा तेवढा ठेवा, बाकीची पानं मिटून ठेवा.

आणखी दोन नावं हमखास सुचवली जातात. फ्रॉस्टग्रेव्ह खेळायला सुटसुटीत आहे. दोघांनी वीस बाजूंचा एकेक फासा टाकायचा, ज्याची बेरीज जास्त त्याचा घाव बसतो, आणि घरात असतील ते पुतळे चालतात. अडचण सामन्याच्या आधी येते. ऐंशी मंत्रांपैकी आठ निवडायचे असतात, आणि खेळ माहीत नसताना निवड कशावरून करणार? शिकवणाऱ्याने दोन जादूगार आधीच बनवून आणले तर हा खेळ वरच्या यादीत सहज बसतो. इन्फिनिटीमध्ये तुमचा शिपाई हलला की त्याला बघणारा प्रत्येक शत्रू तुमच्याच पाळीत प्रतिक्रिया देतो. कल्पना झकास आहे, वाट बघणं तर जवळपास शून्य. पण एक पाऊल टाकण्याआधी समोरचा काय काय करू शकतो हे माहीत असावं लागतं, आणि नवख्याला नेमकं तेच माहीत नसतं. तो तिसरा-चौथा खेळ म्हणून घ्या.

कुठलाही निवडला तरी सामना शेवटपर्यंत नेलाच पाहिजे असं नाही. दोन फेऱ्या खेळा, थांबा, बाजू बदला आणि त्याच मांडणीवर पुन्हा सुरू करा. मघाशी ज्या मशीनगनने तुमचे हाल केले, ती आता तुमच्याकडे असेल, आणि ती कुठे ठेवायची हे तुम्हाला आता सांगावं लागणार नाही.