धरणाचा तलाव: काठोकाठ ठेवावा की पावसाआधी उतरवावा?

भरलेल्या तलावाचा मोह मला समजतो. सेकंदाला 1 घनमीटर पाणी 100 मीटर खाली आलं, तर तूट वजा जाता साधारण 850 ते 900 किलोवॅट वीज मिळते. पातळी घसरली की तेवढ्याच पाण्यातून वीज कमी. नौकाविहारालाही भरलेलं पाणीच हवं, नाहीतर धक्के चिखलात उभे राहतात.

पण पूर अडवते ती धरणातली रिकामी जागा. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाची पातळी पूरहंगामाआधी 175 मीटरवरून 145 मीटरपर्यंत उतरवतात, तेव्हा सुमारे 22 अब्ज घनमीटर जागा मोकळी होते. शिवाय हळूहळू उतरवलेलं पाणी टर्बाइनमधून सोडता येतं. काठोकाठ धरणावर मुसळधार पाऊस कोसळला, तर तेच पाणी सांडव्यावरून वीज न देता जातं, आणि थेट खालच्या गावांवर!

पाऊस आलाच नाही तर? तलाव अर्धाच राहील, ही भीती खरी आहे. तरी मी उतरवण्याच्याच बाजूने आहे. वीज दुसरीकडून आणता येते. भरायची घाई मात्र नको: थ्री गॉर्जेसमध्येही पूरहंगाम सरत आल्यावर, सप्टेंबरमध्ये, पाणी साठवायला घेतात.