आंशिक दाब, बाष्पदाब आणि बेळगावातील सहा रविवार: एका पालकाचे परीक्षण

माझी मुलगी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून दहावी झाली आणि पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) विज्ञानासाठी बेळगावला जाऊ लागली. दहावीपर्यंत जो ‘दाब’ होता तो एका सुट्टीत ‘प्रेशर’ झाला, ही सीमाभागातील मराठी घरांना नवी नसलेली अडचण तिलाही आली. त्यात एनसीईआरटीने २०२२ मध्ये पाठ्यक्रम हलका करताना अकरावीच्या रसायनशास्त्रातील द्रव्याच्या अवस्थांचे प्रकरण वगळले, आणि कर्नाटकातील पीयू महाविद्यालयांत हीच पुस्तके चालतात. बारावीतील द्रावणांचे प्रकरण मात्र राऊल्टच्या नियमावर (द्रावणातील प्रत्येक घटकाच्या वाफेचा दाब द्रवातील त्याच्या वाट्याच्या प्रमाणात असतो) उभे आहे आणि डाल्टनचा आंशिक दाबांचा नियम (वायूंच्या मिश्रणाचा एकूण दाब म्हणजे प्रत्येक वायूच्या स्वतःच्या, म्हणजे आंशिक, दाबांची बेरीज) मुलांना आधीच माहीत आहे असे धरून पुढे जाते. ही मधली गळलेली पायरी बसवून देण्यासाठी शहरातील एका खासगी शिकवणीने सहा रविवारांचा वर्ग काढला, तेव्हा अठराशे रुपये भरून मी तिचे नाव घातले. पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा होती, त्यामुळे पुढे लिहिले आहे ते बहुतेक स्वतः पाहिलेले आहे.

पहिल्याच रविवारी सरांनी फळ्याला हात न लावता स्टीलचा पेला मागवला. त्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून ते बर्फाचे तुकडे एकेक करून टाकत राहिले. खोलीत २७ अंश सेल्सिअस तापमान होते. पेल्यातील पारा १९ वर आला तेव्हा बाहेरची चकाकी धुरकट झाली आणि बोट फिरवल्यावर ओली रेघ उमटली. पेल्यालगतची हवा तेव्हा बाष्पाने संतृप्त झाली. १९ अंशाला पाण्याचा संतृप्त बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला वाफेचा जास्तीत जास्त दाब, १६.५ मिलिमीटर पारा असतो, म्हणजे खोलीतील हवेत बाष्पाचा आंशिक दाब तेवढाच आहे; २७ अंशाला तो जास्तीत जास्त २६.७ होऊ शकला असता, म्हणून सापेक्ष आर्द्रता सुमारे ६२ टक्के. श्रावणात खानापुरात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस का वाळत नाहीत, हे मुलांनी मग स्वतःच सांगितले: हवेतील बाष्पाचा दाब संतृप्तीला टेकलेला असला की कपड्यातून जेवढे पाणी उडते जवळजवळ तेवढेच परत येते. सर मराठीत समजावतात, संज्ञा इंग्रजीत लिहून देतात आणि पुढच्या बाकावरील दोन कन्नड मुलांसाठी तेच वाक्य सहजपणे कन्नडमध्ये पुन्हा सांगतात. माझ्या मते या वर्गाचे निम्मे मोल त्यातच आहे.

द्रवाचा बाष्पदाब तापमानावर ठरतो, द्रव किती शिल्लक आहे यावर नाही, हा मुद्दा गॅसच्या सिलिंडरवरून चांगला पटवला गेला. १४.२ किलोचा सिलिंडर अर्धा झाला म्हणून आतील दाब अर्धा होत नाही. द्रव आहे तोवर तो टिकतो, आणि म्हणूनच किती गॅस उरला हे कळण्यासाठी वजन करावे लागते किंवा आमच्या घरी करतात तसे ओले फडके फिरवून कुठवर लवकर वाळते ते पाहावे लागते. मात्र इथे सर थोडे घाईने पुढे गेले असे मला वाटले. घरगुती गॅस हा प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण आहे, त्यांतील प्रोपेन अधिक उडणारा, त्यामुळे तो वाफेत द्रवापेक्षा जास्त प्रमाणात जातो आणि सिलिंडर संपत येताना दाब काहीसा उतरतो. राऊल्टच्या नियमाला हाताशी असलेले याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण, पण ते सुटले.

तिसऱ्या आणि चौथ्या रविवारचा प्रयोग या वर्गाचे खरे भांडवल आहे आणि माझी तक्रारही त्याच्याबद्दलच आहे. मॅग्नेशियमची ४० मिलिग्रॅमची फीत आम्लात टाकून निघणारा हायड्रोजन पाण्यावर उलट्या धरलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या नळीत गोळा करायचा, नळी वरखाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करायची आणि मग आकारमान वाचून त्यावरून फितीचे वजन काढायचे. नळीत हायड्रोजनबरोबर पाण्याची वाफही असते, म्हणून एकूण दाबातून २५ अंशाचा बाष्पदाब, म्हणजे २३.८ मिलिमीटर, वजा करायचा. डाल्टनने १८०१ च्या सुमारास मांडलेला नियम इथे प्रत्यक्ष हातात येतो. मुलीच्या नळीत ४५.६ मिलिलिटर वायू जमला. छापील तक्त्यात ‘हवेचा दाब मोबाइलच्या हवामान अॅपवरून घ्यावा’ अशी सूचना होती, त्याप्रमाणे तिने १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे ७५८ मिलिमीटर, घेतले आणि उत्तर आले जवळपास ४४ मिलिग्रॅम. फीत चाळीसची आणि हिशेब चव्वेचाळीसचा! सरांनी वाचनातील चूक म्हणून ते सोडून दिले.

चूक वाचनाची नव्हती. हवामान अॅप जो दाब दाखवते तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, जिथे हवेचा खरा दाब ६९५ मिलिमीटरच्या आसपास राहतो व पाणी शंभराला नव्हे तर साडेसत्त्याण्णव अंशांच्या जवळपास उकळते. पुढच्या रविवारी एका मुलाच्या मोबाइलमध्ये दाब मोजणारा सेन्सर निघाला, त्याने ९२६ हेक्टोपास्कल दाखवले, आणि त्या आकड्याने केलेला हिशेब थेट चाळीस मिलिग्रॅमवर येऊन थांबला. सरांनी मोकळेपणाने चूक मान्य केली, हे मला आवडले.

शेवटच्या दोन रविवारी राऊल्टचा नियम झाला. २५ अंशाला बेंझिनचा बाष्पदाब ९५.१ आणि टोल्युइनचा २८.४ मिलिमीटर, समान मोल मिसळले तर एकूण दाब ६१.८ च्या आसपास आणि वाफेत बेंझिनचा मोल-अंश (एकूण मोलांतील वाटा) ०.७७. हे गणित नीट करून घेतले. नियमापासून ढळणारी मिश्रणे मात्र शेवटच्या वीस मिनिटांत उरकली गेली. अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या ९५.६ टक्क्यांपुढे का जात नाही, हे मुलीला मी घरी पुन्हा समजावले.

अठराशे रुपये मला जड वाटले नाहीत, आणि धाकट्याचे नाव पुढल्या वर्षी मी याच वर्गात घालणार आहे. फक्त आता सुरू झालेल्या तुकडीचा तक्ता शेजारच्या मुलाकडे पाहिला, तर त्यात हवामान अॅपची ती ओळ तशीच छापलेली आहे.