नॅक्की, इकु-तुर्सो की पाईक मासा? फिनलंडच्या पाण्यातला राक्षस निवडताना

गोष्टीसाठी, एकांकिकेसाठी किंवा चित्रकथेसाठी पाण्यातला राक्षस शोधत माणूस फिनलंडपर्यंत पोचला, की हमखास इकु-तुर्सोला पसंत करून मोकळा होतो. नाव दणदणीत, शिवाय ‘कालेवाला’ या फिनलंडच्या राष्ट्रीय महाकाव्याचा शिक्का. मीही तेच केलं होतं. उन्हाळी शिबिरात आठ ते बारा वर्षांची मुलं समोर, हातात चाळीस मिनिटं, आणि इकु-तुर्सो सहाव्या मिनिटाला संपला. उरलेल्या चौतीस मिनिटांत काय केलं ते विचारू नका.

तेव्हापासून राक्षस केवढा, हे मी नंतर बघते. त्याच्यापाशी गोष्ट किती आहे, हे आधी. फिनलंडच्या बाबतीत हा फरक फार उपयोगी पडतो, कारण तिथले जलचर दोन वेगळ्या घरांतून आले आहेत. एक घर ‘कालेवाला’चं. एलियास लोनरोत या डॉक्टरने खेडोपाडी, विशेषतः कारेलियात, फिरून लोकगायकांकडून गाणी गोळा केली आणि ती जोडून हे काव्य बांधलं. पहिली आवृत्ती १८३५ची. आज वाचतात ती १८४९ची, ५० गीतं आणि २२,७९५ ओळींची. दुसरं घर आया-आज्यांच्या तोंडचं: ‘विहिरीत वाकू नकोस’, ‘धक्क्याच्या टोकाला जाऊ नकोस’. काव्यातल्या राक्षसाकडे प्रसंग असतो. आजीच्या राक्षसाकडे प्रसंग नसतो, नियम असतात. तो कुठे राहतो, त्याला काय हवं, त्याच्यापासून सुटायचं कसं. आपल्याला यातलं काय हवंय, हे आधी ठरवावं.

इकु-तुर्सोपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्याही मनात तोच असणार.

४२व्या गीतात वॅइनॅमोइनेन, इल्मारिनेन आणि लेम्मिन्कॅइनेन हे तिघे वीर उत्तरेच्या लोउही नावाच्या मालकिणीकडून साम्पो पळवून नावेतून निघालेत. साम्पो म्हणजे पीठ, मीठ आणि पैसा दळणारं जादूचं जातं. लोउही त्यांच्यामागे तीन संकटं लावते. आधी धुकं, मग इकु-तुर्सो, मग वादळ. म्हणजे आपला नायक-राक्षस तिघांतला मधला. तो नावेशेजारी डोकं वर काढतो. लोहार इल्मारिनेनच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो आणि तो पांघरूण डोक्यावरून पार कानांखाली ओढून घेतो. म्हातारा वॅइनॅमोइनेन मात्र हात घालून त्या राक्षसाचेच कान पकडतो, त्याला वर उचलतो आणि विचारतो, का रे बाबा आलास वर? दोनदा उत्तर येत नाही. तिसऱ्यांदा राक्षस कबूल होतो: जिवंत सोडलंत तर चंद्र-सूर्य असेपर्यंत पुन्हा वर येणार नाही. संपलं. कान धरून उभा केलेला राक्षस. शिबिरातल्या एका मुलीचा त्यावर एकच प्रश्न होता: ‘कान होते म्हणजे तो मासा नव्हता ना?’

तिचं बरोबर होतं. त्या प्रसंगात त्याच्या शरीराबद्दल हाताला लागतात ते कानच. चित्रांत त्याला जे सोंडेसारखे हात फुटलेले दिसतात, त्याला बळ मिळतं ते शब्दामुळे: आजच्या फिन्निशमध्ये ‘मेरितुर्सास’ म्हणजे ऑक्टोपस. चित्रकाराला ही मोकळीक म्हणजे पर्वणी. कथाकाराला तेवढी नाही.

त्याला लांबवायचंच असेल तर दुसऱ्या गीतातला तुर्सास जोडून घ्या. तिथे समुद्रातून एक तुर्सास वर येतो, मुलींनी कापून ठेवलेलं गवत पेटवतो आणि राखेत ओकचं बी टाकतो. त्यातून एवढं मोठं झाड उगवतं की चंद्र-सूर्य झाकले जातात. मग अंगठ्याएवढा तांब्याचा माणूस पाण्यातून येतो, बघता बघता प्रचंड होतो आणि तीन घावांत झाड पाडतो. एकीकडे चंद्र-सूर्य झाकणारं झाड लावणारा, दुसरीकडे चंद्र-सूर्याची शपथ घेणारा. ही जुळणी माझी, पण रंगमंचावर चालते. आणखी जुनं काही हवं असेल तर बिशप मिकाएल आग्रिकोला याने १५५१मध्ये फिन्निश लोकांच्या जुन्या देवांची यादी दिली, तिच्यात हॅमे भागातल्या लोकांना युद्धात जय देणारा ‘तुरिसास’ आहे. हा तुरिसास आणि समुद्रातला तुर्सास एकच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नाटककाराने त्या वादाचा मजेत फायदा घ्यावा.

थोडक्यात, पोस्टर, खेळातलं पात्र, टी-शर्ट यासाठी इकु-तुर्सो. अर्ध्या तासाच्या गोष्टीसाठी नको.

आता नॅक्की. हा पूर्णपणे आजीच्या घरचा.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठी तळी मोजली तर फिनलंडमध्ये १,८७,८८८ आहेत. सावनातून, म्हणजे वाफेच्या गरम खोलीतून, निघून थेट तळ्यात उडी मारणं तिथे रोजचं. अशा देशात पोरांना पाण्यापासून लांब ठेवायला काहीतरी हवंच होतं. नॅक्की गढूळ डोहात, विहिरीत, पुलाखाली, लाकडी धक्क्याच्या सावलीत राहतो. पाण्यात स्वतःचा चेहरा बघायला जे मूल वाकतं, त्याला तो आत ओढतो. त्याचं नाव स्कँडिनेव्हियातून आलंय. स्वीडनचा ‘नॅक’ आणि जर्मनांचा ‘निक्स’ हे त्याचेच भाऊबंद, आणि एस्टोनियातही तो आहे. स्वीडनकडच्या भावंडांत एक पांढरा घोडा आहे. काठावर शांत उभा असतो, मुलं एकेक करून पाठीवर बसतात, पाठ लांबत जाते, सगळे बसले की घोडा सरळ पाण्यात.

फिनलंडचा नॅक्की वेगवेगळी रूपं घेतो. समोरून बघितली तर देखणी बाई आणि पाठ बघितली तर केसाळ, असं एक वर्णन मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते मुलांकडून करून घेता येतं. एकाला चादर द्यायची आणि सांगायचं, पाठ दाखवायची नाही. बाकीच्यांनी काहीही करून त्याला वळवायचं. दहा मिनिटं सहज जातात, आणि तोवर कुणालाही न सांगता गोष्ट सुरू झालेली असते.

पण नॅक्कीची खरी ताकद त्याच्या तोडग्यांत आहे. पाण्यात उतरताना म्हणायचं, नॅक्की जमिनीवर, मी पाण्यात. बाहेर येताना उलट: नॅक्की पाण्यात, मी जमिनीवर. म्हणजे जागांची अदलाबदल, करार केल्यासारखी. या दोन ओळींत मुलांच्या गोष्टीला लागणारं सगळं आहे. एका मुलाने पहिली ओळ म्हटली आणि बाहेर येताना दुसरी विसरला. मग नॅक्की कुठे राहिला? जमिनीवर. कुणाच्या घरी गेला? इथून पुढे गोष्ट मुलंच सांगतात, तुम्ही फक्त मान डोलवायची.

कोकणातल्या माणसाला हे ऐकताना पाण्यातलं भूत, गिऱ्हा, आठवेल, आणि आठवू द्या. पण गोष्ट सांगताना दोघांची सरमिसळ नको. नॅक्कीचं पाणी संथ, काळं आणि थंड आहे, त्याच्या शेजारी बर्चची झाडं आणि लाकडी धक्का आहे. ते काढून घेतलं तर तो कुठलाही भूत होतो.

एक खबरदारी. पाच वर्षांखालच्या मुलांना नॅक्की सांगितला तर तोडगा त्याच दिवशी, त्याच बैठकीत सांगायचा. ‘पुढचं उद्या’ अजिबात नाही. आणि पोहायच्या शिबिराच्या आदल्या रात्री तर नॅक्कीचं नावसुद्धा नको. हे मी अनुभवावरून सांगतेय. एका आईने माझ्याशी आठवडाभर नीट बोलणं टाकलं होतं.

वेतेहिनेन आणि वेसिहीसी या पाण्यातल्या आणखी दोन राक्षसांबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. ‘वेसी’ म्हणजे पाणी, ‘हीसी’ मूळचं पवित्र वनराईचं नाव, पुढे दुष्ट शक्तीला चिकटलेलं. वेतेहिनेन १९व्या गीतात डोकावतो. इल्मारिनेन पाइक मासा पकडायला मृतांच्या नदीवर गेलेला असतो, तिथे हा पाण्यातून येऊन त्याला धरतो आणि इल्मारिनेनने घडवलेला लोखंडी गरुड वेतेहिनेनची मान पिरगाळून त्याला चिखलात दाबतो. बस. पण दोघांचं नशीब पुढे उघडलं: फिनलंडच्या आरमाराने तुर्कूत बांधलेल्या तीन पाणबुड्यांची नावं वेतेहिनेन, वेसिहीसी आणि इकु-तुर्सो ठेवली. २१ ऑक्टोबर १९४२ रोजी वेसिहीसीने सोव्हिएत पाणबुडी एस-७ बुडवली आणि ५ नोव्हेंबरला वेतेहिनेनने श्च-३०५ला बुडवलं. १९४७च्या पॅरिस तहाने फिनलंडला पाणबुड्या ठेवायला बंदी केली. युद्धकथा लिहिणाऱ्याला ही नावं सोन्यासारखी आहेत. राक्षसकथा लिहिणाऱ्याला फारशी नाहीत.

मग उरतो तो, ज्याला राक्षस म्हणून कुणी मोजतच नाही. मासा. पाइक.

मराठीत हे नाव उच्चारताच अडचण होते, कारण आपल्याकडे पाईक म्हणजे सेवक, शिपाई, स्वराज्याचा पाईक. मुलं पहिल्यांदा हसतात. हसू द्या, पुढे उपयोग होतो.

४०व्या गीतात तेच तिघे उत्तरेकडे निघालेत आणि नाव अचानक अडकते. खडक असेल, बुडालेलं खोड असेल, असं वाटतं. लेम्मिन्कॅइनेन वाकून बघतो तर नाव एका पाइकच्या पाठीवर चढलेली. तो तलवार उगारतो आणि स्वतःच पाण्यात पडतो. इल्मारिनेन त्याला केसांना धरून वर काढतो आणि मग स्वतः वार करतो, तर तलवारीचेच तुकडे. शेवटी वॅइनॅमोइनेन मासा मारतो. शेपूट तळाला जातं, डोकं नावेत येतं. शिजवून सगळे पोटभर खातात आणि काटे खडकावर टाकून देतात.

इथे इतर कुठल्याही देशातली राक्षसकथा थांबली असती. वॅइनॅमोइनेन मात्र त्या हाडांकडे बघत बसतो. यांचं काही होईल का? इल्मारिनेन म्हणतो, कशाचं काय होणार. म्हातारा जबड्याच्या हाडाचा सांगाडा करतो, दातांच्या खुंट्या, हीसीच्या घोड्याच्या केसांच्या तारा. फिनलंडचं पहिलं कांतेले, मांडीवर ठेवून छेडायचं तंतुवाद्य, असं तयार होतं. एकेक जण वाजवून बघतो, कुणालाच येत नाही. मग तो स्वतः वाजवतो आणि ४१व्या गीतात जंगल रिकामं होऊन काठावर येतं. पाण्याचा राजा आहती, गवताच्या दाढीचा, कमळाच्या पानावर चढून ऐकतो. वाजवणाऱ्याचेच अश्रू पाण्यात पडून त्यांचे मोती होतात. आणि पुढे साम्पो घेऊन परतताना, इकु-तुर्सोच्या पाठोपाठ आलेल्या त्या वादळात, हेच कांतेले समुद्रात जातं. माशाचं हाड परत पाण्यात.

चित्रकारासाठीही हा मासा सोयीचा, कारण १९व्या गीतातल्या मृत्युनदीच्या पाइकची चक्क मापं दिलेली आहेत. जीभ कुऱ्हाडीच्या दोन दांड्यांएवढी, दात दाताळ्याच्या दांड्याएवढे, पाठ सात नावांएवढी. इकु-तुर्सोचे फक्त कान. इथे मापाची पट्टी लावून काढता येतं.

वेळाचा हिशेब सांगते. पाइकची गोष्ट घाईत पंचवीस मिनिटं, नीट सांगितली तर पाऊण तास. विनोद आहे, हाणामारी आहे, हस्तकला आहे, संगीत आहे. खोक्याला रबर बँड ताणून बसवले की हातात कांतेले येतं. भीती मात्र जवळजवळ नाही. शहारा हवा असलेल्या श्रोत्यांना पाइक देऊ नका, ते नाराज होतात.

मोठ्यांसाठी, आणि फक्त मोठ्यांसाठी, आणखी एक पर्याय आहे. आइनो. तिला म्हाताऱ्या वॅइनॅमोइनेनशी लग्न करायचं नव्हतं, आणि ती पाण्यात गेली. आईच्या रडण्यातून तीन नद्या निघाल्या. पुढच्या गीतात तोच म्हातारा एक अनोळखी मासा पकडतो, सुरी काढतो, आणि मासा निसटून पाण्यातून बोलतो: मी तुझ्या न्याहारीचा मासा नव्हे, मी योउकाहाइनेनची बहीण. योउकाहाइनेन म्हणजे आइनोचा भाऊ. पाण्यातून वर येणारं सगळ्यात भयंकर काही ‘कालेवाला’त असेल, तर माझ्या मते हे वाक्य आहे. याला राक्षस म्हणायचं धाडस तुम्ही करा. मी एकदा अभिवाचनात हा भाग घेतला आणि नंतर चहाला कुणी बोलेना.

तर मी आज शिबिरासाठी एकच निवडायचा म्हटला तर नॅक्की निवडेन. रात्री दिवे घालवून, मोठ्या मुलांना. दुपारी, हातात कागद-कात्री देऊन, पाइक. इकु-तुर्सोला मी आता पाहुणा म्हणून बोलावते, पाइकच्या गोष्टीच्या शेवटी, कांतेले बुडायच्या जरा आधी. कानाला धरून आणलेला पाहुणा.

नॅक्कीसाठी सामान एवढंच: चादर, आणि एक शिंपला. फिन्निशमध्ये शिंपल्याला ‘नॅकिनकेन्का’ म्हणतात, म्हणजे नॅक्कीचा बूट. मी एकच नेते, गोष्ट सुरू व्हायच्या आधी टेबलावर ठेवते आणि काही बोलत नाही. दुसरा कुठाय, हे कुणीतरी विचारतंच.