दानं संपली की चालू आहेत? भाच्यासाठी लिहिलेलं, पण तुम्हीपण वाचा

भाचा खानापूरहून बेळगावात राहायला आलाय आणि रविवारी कुठं जायचं हेच त्याचं ठरंना. एका मंडळीत (चर्चमधे) पाळक म्हणतात अन्य भाषा (आत्म्यानं भरून न शिकलेल्या भाषेत बोलणं), संदेश (देवानं सुचवलेलं बोलणं), हात ठेवून बरं करणं ही पवित्र आत्म्याची दानं येशूच्या प्रेषितांबरोबरच संपली, दुसरीकडं म्हणतात तुला अजून अन्य भाषा आली नाही म्हंजे आत्म्याचा बाप्तिस्माच (पवित्र आत्म्यानं भरणं) झाला नाही. पोरगं मधल्यामधे अडकलंय.

संपली म्हणणाऱ्यांचं म्हणणं एवढंच की चमत्कार ही प्रेषितांची ओळख पटवायची खूण होती, इफिसकरांच्या पत्रात प्रेषित आणि संदेष्टे यांना पाया म्हटलंय आणि पाया काय परत परत घालत नाहीत. अमेरिकन धर्मशास्त्री वॉरफिल्डनं 1918 साली हेच सविस्तर मांडलं. मला हा मुद्दा वजनदार वाटतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात 'पूर्ण' आलं की ही दानं संपतील असं आहे, ते 'पूर्ण' म्हंजे पुरं झालेलं बायबल असं काहीजण सांगतात ते मात्र पटत नाही, कारण पुढंच समोरासमोर पाहण्याची गोष्ट आहे. आणि हे लोक देव बरं करत नाही असं म्हणत नाहीत हां, आजाऱ्यासाठी तेपण प्रार्थना करतात, फक्त बरं करायचं दान आज कुणा एका माणसाच्या हातात आहे हे ते मानत नाहीत.

चालू म्हणणारे विचारतात, प्रभू यायच्या आधी थांबतील असं लिहिलंय कुठं? देव आपला आत्मा ओतेल हे योएल संदेष्ट्याचं वचन पेत्रानं सगळ्यांसाठीच सांगितलं की. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या 1906 च्या संजीवनाचं (आत्म्यानं लोकांत झालेल्या जागृतीचं) सगळे सांगतात पण त्याच्या आदल्या वर्षीच आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे मोठं संजीवन झालं होतं (रमाबाईंचा जन्म आजच्या कर्नाटकातला, हे आपल्याकडं कुणाला माहीत नसतं). कॅथलिक चर्चनं तर चमत्कार संपले असं कधी म्हटलंच नाही, संत ठरवताना ते आजपण चमत्कार तपासतात.

पण अन्य भाषा सगळ्यांना आलीच पाहिजे हा हट्ट चालू म्हणणारे सगळेच धरत नाहीत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्याच 12 व्या अध्यायात पौल स्वतःच विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय?

माझी एक आत्या हीलिंग मीटिंगला जाऊन आली, तिथं कुणीतरी विश्वास ठेव म्हटलं आणि हिनं शुगरच्या गोळ्या बंद केल्या, आठवड्यात ॲडमिट. तेव्हापास्नं मी जरा सावध आहे, तरी दानं संपली असं छातीठोक म्हणवत नाही.

आपल्या भागात कन्नड प्रवचन असलं की शेजारी मराठीत सांगणारा उभा असतोय, तो आला नाही तर मागचे आज्जी-आजोबा नुसते बसून राहतात. त्याच पत्राच्या 14 व्या अध्यायात अन्य भाषेत बोलणाऱ्यांसाठी पौलाचा नियम तोच, दोघं नाहीतर फार तर तिघं, एकामागनं एक, आणि अर्थ सांगणारा नसला तर गप्प. म्हणून त्याला म्हटलं दोन्हीकडं चार-चार रविवार बस, अन्य भाषेत कुणी बोललं तर अर्थ सांगायला कोण उठतंय काय बघ आणि प्रार्थना झाल्यावर आजारी माणसाला दवाखान्यात कोण घेऊन जातंय तेपण बघ.