प्रतिक्रिया वेळ मोजायची: पट्टी की मोबाईल?

मालवणला भाचा शाळेच्या खो-खो संघाला शिकवतो. त्याने विचारलं, "मामा, पोरांची चपळाई पट्टीने मोजू की ॲपने?" म्हणून दोन्ही करून पाहिलं.

पट्टी म्हणजे साधी ३० सेंमीची प्लास्टिकची. एकाने वरून सोडायची, दुसऱ्याने शून्याजवळ बोटं उघडी ठेवून झेलायची. १५ सेंमीवर पकडली तर साधारण ०.१७५ सेकंद, २० वर ०.२०. गुरुत्वाकर्षणाचं गणित; चार्जिंग लागत नाही. वाचताना एक सेंमी चुकला तरी फरक जेमतेम ५ मिलिसेकंदांचा. खोट एवढीच, की सोडणाऱ्याचा अंगठा हलतो आणि पोरं तेवढ्यावरून ओळखतात. एकाने तर आधीच मूठ मिटली, वर "माका परत एकदा!" म्हणून हट्ट. म्हणून प्रत्येकाला पाच संधी द्या, मधला आकडा धरा.

ॲपमध्ये स्क्रीनवरचं चित्र बदललं की लगेच बोट टेकवायचं. ॲप फुकट, नोंदी आपोआप. पण स्क्रीनचा आणि स्पर्शाचा उशीर त्याच आकड्यात मिसळतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर चित्र बदलायलाच १६.७ मिलिसेकंदांपर्यंत जातात, म्हणून दोन वेगळ्या फोनांचे आकडे शेजारी ठेवू नका. त्यात आपल्याकडचा मे महिन्याचा घाम: ओल्या बोटाचा स्पर्श कधी लागतो, कधी नाही.

खरं तर खो पाठीवर थाप आणि आवाजाने मिळतो. या दोन्ही चाचण्या डोळ्यांच्या.

मैदानावर बारा पोरं, एक शिक्षक असेल तर पट्टीच. एकट्याने घरी, रोज त्याच फोनवर स्वतःची प्रगती बघायची असेल तर ॲप चालेल. भाच्याने पट्टी घेतली.