स्टारफील्ड: क्रेडिट आणि पॉइंट आधी यानात घालायचे की आउटपोस्टमध्ये?

बेथेस्डा कंपनीचा स्टारफील्ड हा अंतराळातला व्हिडिओ गेम सप्टेंबर 2023 मध्ये आला. तो खेळणारा प्रत्येकजण दहा-पंधराव्या लेव्हलच्या आसपास याच प्रश्नाशी येऊन थांबतो. हातात थोडे क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, साठलेले असतात, प्रत्येक लेव्हलला एकच स्किल पॉइंट मिळत असतो आणि समोर दोन वाटा असतात. एक म्हणजे यान तगडं करायचं. दुसरी म्हणजे ग्रहाग्रहांवर आउटपोस्ट, म्हणजे खनिजं काढायची ठाणी, उभी करून ती कार्गो लिंकने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या मालवाहतुकीने, जोडायची. दोन्हींत खूप मजा आहे, पण दोन्ही एकदम सुरू केलं की दोन्ही अर्धवट राहतं.

माझं मत स्पष्ट आहे: आधी यान. याचं पहिलं कारण लढाई नाही. आउटपोस्टवर काही बांधायला घेतलं की गेम तुमच्या अंगावरचा माल वापरतो आणि जवळ उतरलेल्या यानातलाही. म्हणजे लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, अ‍ॅडॅप्टिव्ह फ्रेम हे सगळं यानातूनच येतं. सुरुवातीला मिळणाऱ्या फ्रंटियर या यानाची कार्गो क्षमता जेमतेम 450. त्यात वाटेत उचललेल्या बंदुका आणि सूट पडलेले असतील, तर बांधकामासाठी जागा उरतच नाही. मग एक एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे खनिज काढणारं यंत्र, लावायचा, परत न्यू अटलांटिस शहरात जायचं, तिथल्या जेमिसन मर्कंटाइल दुकानातून लोखंड घ्यायचं आणि पुन्हा यायचं, असं चालू राहतं. या फेऱ्यांनीच अनेकांचं आउटपोस्टवरचं मन उडतं.

दुसरं कारण स्किलच्या मांडणीत आहे. पायलटिंग हे टेक शाखेतलं पहिल्याच पायरीवरचं स्किल आहे, त्यामुळे पहिला पॉइंट मिळाल्या मिळाल्या घेता येतं. तिसऱ्या रँकला बी क्लासची यानं उघडतात, चौथ्याला सर्वांत ताकदवान सी क्लासची. रँक वाढवायला शत्रूची यानं पाडावी लागतात आणि ती पाडायला चांगलं यान हवं, म्हणून लोक अडकतात. त्यावर साधा उपाय आहे. न्यू अटलांटिसच्या मास्ट इमारतीत यूसी व्हॅनगार्ड या अंतराळ दलाची वैमानिक चाचणी द्या. तिथल्या सिम्युलेटरमध्ये पाडलेली यानंही मोजली जातात. यान मोडायची भीती नाही, दुरुस्तीचा खर्च नाही.

आउटपोस्टची स्किल्स मात्र विखुरलेली आहेत. आउटपोस्ट मॅनेजमेंट सोशल शाखेत, तेही तिसऱ्या पायरीवर. आउटपोस्ट इंजिनिअरिंग सायन्सच्या तिसऱ्या पायरीवर. प्लॅनेटरी हॅबिटेशन सायन्सच्या अगदी शेवटच्या पायरीवर. तिसरी पायरी उघडायला त्या शाखेत आठ पॉइंट खर्च झालेले लागतात, चौथीला बारा. म्हणजे पूर्ण जाळं विणायचं तर दोन वेगवेगळ्या शाखांत खोल उतरावं लागतं. सुरुवातीच्या वीस लेव्हलमध्ये हे परवडत नाही.

आता यानाकडे जरा जवळून पाहू, कारण पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो इथे. यानाचे भाग बदलून देणाऱ्या टेक्निशियनकडे गेल्यावर नव्या खेळाडूचा हात पहिल्यांदा कार्गो होल्डकडे जातो. तीन-चार होल्ड लावले की क्षमता वाढलेली दिसते, पण त्याच पडद्यावर मोबिलिटीचा, म्हणजे यान किती चपळ वळतं याचा, आकडा पाहा. शंभरवर असलेला तो आकडा झपाझप खाली येतो, कारण वस्तुमान वाढलं आणि इंजिनं तीच राहिली. जंप रेंजही, म्हणजे एका उडीत ताऱ्यांमधलं किती अंतर जाता येतं तेही, कमी होते. मग इंजिनं वाढवायची म्हणता, तर रिअ‍ॅक्टर त्या क्लासचा नाही. शेवटी लँडिंग गिअर कमी पडतात म्हणून बिल्डर यान पासच करत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी रिअ‍ॅक्टर, मग इंजिनं आणि जंप घेणारा ग्रॅव्ह ड्राइव्ह, मग शील्ड आणि सगळ्यात शेवटी कार्गो. मोबिलिटी शंभरवर राहील एवढेच होल्ड लावा. पेलोड्स स्किल घेतलंत, तर वजन न वाढवता क्षमता वाढते. चौथ्या रँकला ती दीडपट होते, आणि मला तरी हा पॉइंटचा सर्वांत चांगला उपयोग वाटतो.

पैसा वाचवायचा असेल, तर मँटिसची मोहीम करा. स्पेसर या लुटारूंकडे सापडणाऱ्या स्लेटमधून, म्हणजे डिजिटल नोंदीतून, डेनेबोला वन-बी या चंद्रावरच्या गुप्त तळाचा पत्ता लागतो आणि शेवटी रेझरलीफ हे यान फुकट मिळतं. कार्गोला ते लहान आहे, पण लढायला फ्रंटियरपेक्षा कितीतरी बरं. शत्रूचं यान पळवून विकण्याचा धंदा मात्र करू नका. विकण्याआधी ते नोंदवावं लागतं आणि नोंदणीची फी विक्रीच्या किमतीतला मोठा भाग खाऊन टाकते.

आउटपोस्टकडे वळू. सुरुवातीला आठ आउटपोस्ट बांधायची परवानगी असते, प्लॅनेटरी हॅबिटेशनच्या चारही रँक घेतल्या की चोवीस. पण नव्या खेळाडूला एकच पुरतं, आणि ते बेसेल थ्री-बी या चंद्रावर. तिथे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ सापडतात. दोन्हींच्या पट्ट्या बीकनच्या, म्हणजे आउटपोस्टची जागा ठरवणाऱ्या खुणेच्या, हद्दीत येतील अशी जागा स्कॅनरने शोधायची, हाच काय तो चिकाटीचा भाग. या चंद्रावरचा एक तास म्हणजे युनिव्हर्सल टाइमचे, म्हणजे गेमच्या सामाईक घड्याळाचे, 57 तास. तिथे चोवीस तास झोप काढली की एक्स्ट्रॅक्टरांनी स्टोरेज भरून टाकलेलं असतं. एक लोखंड आणि एक अ‍ॅल्युमिनियम मिळून एक अ‍ॅडॅप्टिव्ह फ्रेम होते, आणि इंडस्ट्रियल वर्कबेंचवर अशा शेकडो फ्रेम बनवून एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारा अनुभव, भराभर जमतो. वर हाच माल पुढच्या बांधकामाला लागतो.

याच एका आउटपोस्टवर शिपबिल्डर असलेला मोठा लँडिंग पॅड लावा. एरवी यानं बनवणाऱ्या कंपन्यांपैकी डायमॉसचे भाग मंगळाच्या कक्षेतल्या यार्डात, होपटेकचे होपटाउनला, तायोचे निऑनला आणि स्ट्राउड-एकलुंडचे नारियनमधल्या यार्डात शोधत फिरावं लागतं. पॅडवर ते एकाच ठिकाणी मिळतात. यानाचा नाद असलेल्यालाही एक आउटपोस्ट हवंच, ते यासाठी.

पैशासाठी मात्र आउटपोस्ट बांधू नका. माल कितीही निघाला तरी तो विकत घेणाऱ्या दुकानदाराकडचे क्रेडिट ठरावीक असतात आणि ते संपले की 48 तास थांबावं लागतं. अडतं ते विक्रीत, उत्पादन कितीही वाढवलं तरी.

आणि आता जाळं, म्हणजे कार्गो लिंक. एकाच ताऱ्याभोवतीच्या दोन ठाण्यांना साधी लिंक चालते. वेगळ्या ताऱ्याकडे जायचं तर इंटर-सिस्टिम लिंक लागते आणि तिला इंधन म्हणून हीलियम-3 पुरवावं लागतं. म्हणून कुठल्याही मोठ्या जाळ्यात हीलियम-3 काढणारं ठाणं आधी उभं करा. मालवाहू यान जिथे उतरतं तो प्रत्येक लिंक पॅड दुसऱ्या एकाच पॅडशी जोडला जातो. मूळ हद्दीपेक्षा जास्त पॅड हवे असतील, तर आउटपोस्ट मॅनेजमेंटची पहिली रँक घ्यावी लागते.

खरी डोकेदुखी पुढे आहे. लिंकला माल निवडता येत नाही. स्टोरेजमध्ये जे येईल ते ती उचलते. समजा एकाच लिंकवरून तांबं, टंग्स्टन आणि शिसं पाठवताय आणि तिकडे तांब्याचा वापर कमी आहे. काही दिवसांत पलीकडचं स्टोरेज तांब्यानेच भरतं आणि टंग्स्टनला जागा उरत नाही. घाटात एक ट्रक आडवा झाला की मागची सगळी वाहतूक ठप्प होते, तसं पूर्ण जाळं थांबतं. हे टाळायचं तर एका लिंकवर शक्यतो एकच खनिज ठेवा, किंवा हबवर, म्हणजे जिथे सगळा माल येतो त्या मुख्य ठाण्यावर, आलेला माल लगेच वापरात जाईल एवढी फॅब्रिकेटरं, म्हणजे वस्तू बनवणारी यंत्रं, लावा. लिन ही गेमच्या सुरुवातीची खाणप्रमुख. तिच्याकडे आउटपोस्ट मॅनेजमेंट स्किल आहे, तिला नंतर सोबत घेऊन हबवर नेमता येतं.

ही खटपट मला मनापासून आवडते. आपण आखलेल्या वाटेवरून मालवाहू यान आकाशातून उतरतं, पॅडवर थांबतं आणि खनिज उतरवून निघून जातं, हे पाहण्यात निर्मितीचं समाधान आहे. पण ते समाधान हेच त्याचं मुख्य फळ. बहुतेक साधी खनिजं दुकानात विकत मिळतात, हे लक्षात ठेवून मगच यात उतरा.

निर्णयावर सगळ्यात मोठा परिणाम करते ती युनिटी, म्हणजे दुसऱ्या विश्वात नेणारं द्वार. मुख्य कथेच्या शेवटी युनिटीतून पार गेलात की नव्या विश्वात लेव्हल आणि स्किल्स सोबत येतात. यानं, आउटपोस्ट, क्रेडिट, सामान सगळं मागे राहतं. तिकडे मिळणारं स्टारबॉर्नचं, म्हणजे युनिटीतून गेलेल्यांचं, गार्डियन यान चांगलं आहे, पण त्यात एकही भाग बदलता येत नाही. म्हणून कथा संपवून लगेच पुढे जायचा बेत असेल, तर क्रेडिट कशातच ओतू नका. रेझरलीफ किंवा सुधारलेलं फ्रंटियर पुरतं, पॉइंट मात्र पायलटिंग आणि पेलोड्समध्ये घाला, कारण ते तुमच्यासोबत येतील. आउटपोस्टचं जाळं विणायचं ते ज्या विश्वात मुक्काम करायचा ठरवलाय, तिथेच.

मे 2024 च्या अपडेटने आणखी एक सोय दिली. सेटिंगमध्ये दुकानदारांचे क्रेडिट, अंगावर वाहता येणारं वजन आणि यानाच्या कार्गोपर्यंत पोहोचण्याचं अंतर बदलता येतं. सवलत घेतली की एक्सपी थोडा कमी मिळतो. ज्यांना फक्त कथा आणि मोहिमा हव्यात त्यांनी ही सवलत बिनधास्त घ्यावी आणि कार्गो लिंकच्या भानगडीत पडू नये. लढाईची आवड असेल, तर पायलटिंगच्या चौथ्या रँकपर्यंत जाऊन सी क्लास रिअ‍ॅक्टर घ्या आणि बेसेलचं एक ठाणं ठेवा. बांधकामाचीच ओढ असेल, तरी आधी हजार-दोन हजार कार्गोचं बी क्लास यान तयार करा, त्यात अ‍ॅडॅप्टिव्ह फ्रेम भरा, आणि मगच दुसरं ठाणं टाका. ते दुसरं ठाणं हीलियम-3 चं असू द्या.